मोहनची मिझुरी

शुभदावहिनींचा फोन आला तेव्हा मी परदेशातल्या कापेल गावात माझ्या किराणा दुकानात तांदळाच्या भावावरून एका घाऊक व्यापाऱ्याशी भांडत होतो. ‘मोहन गेला हो...’ एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा, माझा जुना मित्र, महिनाभर करोनाशी झुंजत होता. मी व्यापाऱ्याला म्हणालो, हवा तो भाव लाव.

मोहन चिप बनवणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. छंद मात्र बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक रंगवायचा. तेही एकाच राज्याचे, मिझुरीचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथून दोन्ही बाजूंच्या पलटणी उभ्या राहिल्या. सरकारच्या निळ्या कोटात, बंडखोरांच्या करड्या. एकाच गावची पोरं समोरासमोर. ‘गुलामी टिकवायला लढणारे चूकच,’ मोहन म्हणायचा, ‘पण रडणारी आई कधीकधी एकच असायची.’

हे तो मला मुद्दाम ऐकवायचा. माझा धाकटा भाऊ दिलीप माझ्याकडे धंदा शिकला आणि माझेच व्यापारी फोडून त्याने पलीकडच्या रस्त्यावर दुकान थाटलं. मी मोहनला बजावलं होतं, त्याच्याकडचा चहा सोड. तो म्हणाला, ‘का म्हणून? चहा तुझ्यापेक्षा बरा करतो तो.’

टाळेबंदीत घरी दिवसाला एकाच पाहुण्याला परवानगी होती. मोहनने मला शनिवार दिला आणि हातात बारीक कुंचला. ‘निळ्यांची बटणं तू रंगव. तापट माणसाला बरं असतं ते.’ करड्यांना हात लावू देत नसे. मला वाटायचं, स्वतःसाठी ठेवलेत.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी वहिनींना म्हणालो, सैनिकांचं सगळं कपाट मला द्या, किंमत तुम्ही सांगा.

‘निम्मे दिलीपभावजींनी रंगवलेत,’ त्या म्हणाल्या. ‘ते रविवारी यायचे. आणि पलटणी वेगळ्या करणार नाही मी. तुम्ही दोघं मिळून ठरवा.’

गेलेल्या माणसावर इतका राग मला कधी आला नव्हता... घरी येऊन दिलीपला फोन लावला, कित्येक वर्षांनंतर.

‘करड्यांची बटणं वाकडी का रे?’

‘दादा, चष्मा बदलायचा राहिलाय.’

‘शनिवारी ये वहिनींकडे. आता दोघं चालतात.’

कपाट तिथेच आहे. मोहनच्या टेबलाच्या एका बाजूला मी बसतो, दुसऱ्या बाजूला दिलीप. दुकानाचा विषय कोणी काढत नाही. तो हिशेब माझ्या मनात आहे तसाच आहे. बिनरंगाचे थोडेच सैनिक उरलेत, आणि आम्ही दोघंही फार सावकाश रंगवतो.