दिल्लीच्या संगणकाने ऐकलेला फोन

दीपनगरच्या वीज केंद्रातल्या त्या तरुण तंत्रज्ञाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. भुसावळजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो.

एके सकाळी सफारी घातलेले एक गृहस्थ आले. आपण दिल्लीच्या गुप्तचर खात्याचे, असे दबक्या आवाजात म्हणाले.

"दीपनगरचा हा तंत्रज्ञ मुलगा वीज केंद्राची माहिती परदेशात देतो. आमचा संगणक देशातला प्रत्येक फोन ऐकतो."

ओळखपत्र मागितले, तर हसले. "गुप्त खात्याला ओळखपत्र कसलं, फौजदारसाहेब?"

खात्री करण्यासाठी मी वरिष्ठांकडे बिनतारी संदेश पाठवला. पण उत्तर यायच्या आधीच गृहस्थांनी मुलाच्या वरिष्ठांचेही कान भरले होते. निलंबनाची तयारी सुरू होती. मुलाला चौकशीला बोलावले, तेव्हा सोबत त्याची आई आली. धुळ्याकडची बाई.

"भाऊ, मना पोऱ्या तसा नही शे. आम्हना बठ्ठा घरमा तोच एक शिकेल शे."

मीही माझ्या घरातला पहिलाच पदवीधर. पण नुसत्या कळवळ्यावर तपास होत नाही. संगणक तर मी तोवर पाहिलाही नव्हता. असे यंत्र नसेलच, हे कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हा धुळ्याचे माझे पहिले निरीक्षक आठवले. ते सांगत, "दावा मोठा असला की प्रश्न लहान विचारायचा. ज्याचं उत्तर आपल्याला पडताळता येईल, असा."

मी गृहस्थांच्या देखतच जामनेरला, मुलाच्या मेहुण्याकडे, ट्रंक कॉल बुक केला. मुलाचे आणि मेहुण्याचे बोलणे करून द्यायचे आणि ते काय बोलले हे गृहस्थांना विचारायचे, असा बेत होता. चहा पिऊन ते गेले. दुपारी एक्स्चेंजने कळवले, जामनेरची लाइन बंद आहे. कॉल लागलाच नाही. हे फक्त मला आणि तो निरोप घेणाऱ्या हवालदाराला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांना विचारले, "कालचं बोलणं संगणकाने ऐकलं?"

"अक्षर न् अक्षर. मेहुण्याला कागद जाळायला सांगितलं त्याने."

हवालदाराला हसू आवरेना. "नाना, जामनेरनी लाइन कालपाईन बंद शे! तुम्हना संगणक बसमा बठीसन गया व्हता का?"

गृहस्थांनी पाणी मागितले. मग सगळा प्रकार उघडकीस आला. या मुलाने ज्या मुलीचे स्थळ नाकारले होते, तिचे हे मामा. मुलाने त्यांना कधी पाहिले नव्हते. तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला. मुलाची नोकरी राहिली. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली.

त्या खात्याकडे खरोखर कसली यंत्रे होती, हे मला आजही ठाऊक नाही. गुप्त आहे म्हणून विचारायचे नाही, आणि विचारायचे नाही म्हणून खरे मानायचे, एवढ्यावर त्या गृहस्थांचे सारे चालले होते.

पुढे धुळ्याला गेलो, तेव्हा त्या जुन्या निरीक्षकसाहेबांना ही हकीकत सांगितली आणि पाया पडलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "लाइन बंद होती, हे तुला एक्स्चेंजने सांगितलं. तू पडताळलंस?"

"मेहुण्याला जामनेरहून बोलावून विचारलं, साहेब."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.