थखिनमा न्हिन यी

बर्मातल्या नदीकाठच्या पकोक्कूत आम्ही दोघी बहिणी एकाच चटईवर बसून चिरूट वळायचो. मा न्हिन यी माझी मोठी बहीण. बोलायची कमी, पण एकदा बोलली की शब्द मागे घेत नसे.

गोऱ्या साहेबाला आम्ही ‘थखिन’, म्हणजे ‘मालक’ म्हणायचो. त्या सुमारास तरुण पोरांनी तोच शब्द आपल्या नावापुढे लावला, पोरींनी ‘थखिनमा’. देश आमचा, मग मालकही आम्हीच, असं त्यांचं म्हणणं. विलायती कापड सोडून ती जाडेभरडे देशी लुंगी-सदरे घालून हिंडत. ताईनंही तीच वाट धरली.

आई करवादली, “मालकीणबाई, घरात तांदूळ नाही, तो कोणता नोकर आणणार?”

“मीच आणते,” ताई म्हणाली आणि टोपली उचलून निघाली.

सभेत भाषण केलं म्हणून तिला पकडलं. न्यायाधीशानं नाव विचारलं.

“थखिनमा न्हिन यी.”

“नुसतं नाव सांग.”

“हेच नाव आहे.”

तो आमच्यातलाच, बर्मी माणूस. घाम पुसत हळूच म्हणाला, “पोरी, एवढा एक शब्द गाळ, घरी जाशील.”

“साहेबांना तुम्ही तोच शब्द रोज म्हणता. मग माझ्याच तोंडी का टोचतो?”

तुरुंगात गेली. सुटून आली तेव्हा हाडं दिसत होती, पण पोरांनी तिला खांद्यावर घेतलं.

पुढे पावसाळ्यात रंगूनमध्ये दंगल पेटली. हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमानांविरुद्धची ती आग नदीकाठानं वर आमच्यापर्यंत आली. आमच्या गल्लीत मोहिदीनचं डाळींचं दुकान होतं. बायको आमच्यातली, पोरं आमच्याबरोबर वाढलेली. भर दुपारी काठ्या घेऊन घोळका आला. पुढे टुन यिन होता, ताईला खांद्यावर घेणाऱ्यांतलाच एक.

ताई चटईवरून उठली, चिरूटाची कात्री तशीच हातात, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

“बाजूला हो, मा न्हिन,” टुन यिन म्हणाला. “हे परके आपलं रक्त पितात.”

“तुझ्या आईनं वर्षभर याच्याकडून उधार डाळ नेली. कोण कुणाचं रक्त प्यायलं रे?”

मागून कुणी हसलं. टुन यिन लाल झाला. “तू थखिन ना? मग कुणाच्या बाजूची?”

“थखिन आहे म्हणूनच बसलेय. आपल्याच गावात दुकान जाळतो तो मालक नव्हे, चोर.”

एक दगड आला, तिच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती हलली नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. मग शेजारची म्हातारी आली, मग आई. आई टुन यिनला एवढंच म्हणाली, “मार आता.”

काठ्या खाली झाल्या. लोक पांगले. बाजारातली दुसरी दोन दुकानं मात्र त्याच दिवशी जळाली. त्याबद्दल ताईनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

मोहिदीनची बाजू घेतली म्हणून थखिनांच्या संघटनेनं तिला बोलावणं बंद केलं. “त्यांनी काढलं तर काढू दे,” ती म्हणाली, “देश त्यांनी थोडाच दिलाय मला.” थंडीत तेलविहिरींवरचे कामगार संपावर गेले, रंगूनकडे चालत निघाले. ताईनं भाताचं मोठं पातेलं उचललं आणि बोटीनं खाली जाऊन त्यांना गाठलं. वाटेत स्वयंपाक करत ती त्यांच्याबरोबर गेली. पुढे वाटेवरच्या प्रोम गावीच राहिली, तिथल्या चिरूटवाल्या बायकांना एकत्र केलं, आणि त्यांच्या पहिल्या संपात मजुरी वाढवून घेतली.