काचेवरची सूचना

धुळ्यातल्या एका टॉकीजमध्ये ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी जुने इंग्रजी चित्रपट लागत. त्या दिवशीचा महायुद्धानंतरच्या काळातला होता, काळा-पांढरा. तुरुंगातून पळालेला एक माणूस शिवणकाम करणाऱ्या बाईच्या माळ्यावर लपतो आणि पोलीस घरोघर शोधत येतात, एवढीच गोष्ट.

आम्ही तो बघायला गेलो नव्हतो. माझ्या मावसबहिणीला, ताईला, लपवायला गेलो होतो.

ती पिंपळनेरला दिली होती. नवरा मारायचा. एक दिवस ती एसटीत बसून सरळ आमच्याकडे आली आणि परत जाणार नाही म्हणाली. सासरचे काही दिवस गप्प राहिले. मग नणंदेचा साखरपुडा ठरला. सून घरात नाही हे पाहुण्यांना कसं सांगणार? सासरे तिला न्यायला निघाल्याचा निरोप आला, तेव्हा आईने आम्हा दोघींना टॉकीजला पाठवलं. इंग्रजी पिक्चरला पिंपळनेरचं कोण येणार, हा तिचा हिशेब. मी तेव्हा कॉलेजात होते.

बायकांची बसायची जागा वेगळी होती. लाकडी कठड्याआड, वेगळ्या दाराची. दारावर एक वयस्क मुसलमान बाई तिकिटं फाडायची. आत बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बायका होत्या. दुपारच्या एसटीपर्यंत पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून त्या कुठलाही पिक्चर चालवून घेत. भाषेची त्यांना अडचण नव्हती. पडद्यावरचा माणूस का लपलाय, हे त्या आपापसात अहिराणीतच ठरवत होत्या.

"हाऊ काबर लपी राहिना वं?"

"खून करेल व्हई."

"नही वं. तोंडवरथीन तर गरीब दिखस."

पडद्यावर पोलीस जिना चढायला लागले तेव्हा दाराशी आवाज आले. ताईने माझा हात धरला. आवाज सासऱ्यांचा होता. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी आम्हाला टॉकीजकडे जाताना पाहून सांगितलं असणार.

"मर्दों को इधर मना है, चाचा," दारावरची बाई म्हणाली.

"मनी सून शे मझार," सासरे आत बोट दाखवत म्हणाले. "जीप उभी शे बाहेर."

"तो मॅनेजर को बोलो. मेरे दरवाजे से नहीं."

टॉकीजची एक रीत होती. कोणाला तातडीने बाहेर बोलवायचं तर काजळी धरलेल्या काचेवर टाचणीने निरोप लिहून तो पडद्यावर दाखवत. डॉक्टरांसाठी, कधी घरात कोणी वारलं तर. सासरे मॅनेजरकडे गेले. पण घरच्या सुनेचं नाव आणि आडनाव भर टॉकीजात पडद्यावर झळकवणं त्यांच्या अब्रूला परवडणारं नव्हतं. म्हणून पळालेल्या माणसाच्या अंगावर पांढरी अक्षरं उमटली ती अशी: पिंपळनेरच्या सूनबाईंनी बाहेर यावे. सासरे थांबले आहेत.

"काय लिखेल शे?" कोणीतरी विचारलं. शिकलेल्या एकीने मोठ्याने वाचून दाखवलं.

ताई बाकावर आणखी खाली सरकली. आमच्या पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून तिच्याकडे पाहिलं, मग पिशवी उचलून ती स्वतः दाराशी गेली.

"मी शे पिंपळनेरनी सून," ती म्हणाली. "काय काम शे?"

"तू कोन?" सासरे गोंधळले.

"पडदावर लिखेल शे ना? तीच मी. मना सासरा तर कव्हयच वर गया. तू कोठून उना भाऊ?"

कठड्याआडच्या बायका इतक्या हसल्या की पलीकडच्या पुरुषांनी माना वळवल्या. दुसरी ओरडली, "मी बी शे पिंपळनेरनी! माले बी ली चाल जीपमा!" ती खरंच तिथली होती का, ती म्हातारी तरी तिथली होती का, ते मला आजही माहीत नाही.

सासरे गेले असते. ताई उठली.

"बस खाली," मी म्हणाले.

"का? मी काय चोरी केलीय?"

ती बाहेर गेली. मागोमाग मी. उन्हात डोळे उघडेनात. पानटपरीवर माणसं उभी होती. सासरे हळू आवाजात म्हणाले, "साखरपुडा व्हऊ दे, मंग बोलूत. चाल घर. लोके देखी राहिनात."

"पाहू द्या, आबा." तिने आवाज कमी केला नाही. "पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, पोरगा मारतो म्हणून सून गेली. तुम्हाला जमणार नसेल तर मी येऊन सांगते. राहायला येणार नाही."

पानाला कात लावणारा टपरीवाल्याचा हात थांबला होता. आबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि टोपी नीट केली. "जीभ भलती चालस तुनी," एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

ती पुन्हा आत गेली नाही. म्हणून माळ्यावरच्या माणसाचं पुढे काय झालं ते मी सांगू शकत नाही. मागच्या गल्लीने जाऊ, असं मी सुचवलं. ती आग्रा रोडनेच निघाली, भर दुपारी, पदर खांद्यावर.

आईने दार उघडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आम्हाला आत ओढलं आणि कडीला हात घातला.

"राहू दे उघडं, मावशी," ताई म्हणाली. "कोणाला यायचं असेल तर येऊ दे."