केसरबाईच्या दुधातली टेकडी

सकाळी कॉलेजच्या गेटाशी केसरबाईची हाक आली की कुत्रीसुद्धा रांग लावतात. बाई मूळची खानदेशची. नवरा सुकदेव सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत लागला, त्याच्यामागून ती इकडे सिल्वासाला आली. तिनेही तिथे पॅकिंगचं काम धरून पाहिलं. पण "खोक्याले हाक मारली तर ते वळून नाही पाहत," म्हणून सोडलं आणि म्हैस घेतली. म्हशीचं नाव कावेरी. हाक मारली की वळून पाहते.

होस्टेलच्या मेसला केसरबाईचंच दूध जातं, त्यावरच तिचं घर उभं आहे.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आमच्या मृणाल मॅडम दुधात अँटिबायोटिक उतरलंय का, ते ओळखणारी पट्टी बनवतात. जनावराला इंजेक्शन दिलं की काही दिवस ते औषध दुधात येतं, आणि दुधातून आपल्या पोटात. पट्टीवर झिंक ऑक्साइडचे कण असतात, इतके बारीक की त्यांच्यापुढे रांगोळी म्हणजे खडी. त्यावर दुधाचा थेंब टाकायचा, जराशी वीज सोडायची, की पडद्यावर रेघ उमटते. औषध नसलं तर सपाट, असलं तर टेकडी. ताडून बघायला एक शुद्ध दूध लागतं, ते मी केसरबाईकडून न्यायचे. रेघ अशी सपाट यायची की खानवेलच्या चढउताराच्या रस्त्याने तिच्याकडून शिकावं.

एकदा मी कौतुकाने तिला म्हटलं, "केसरबाई, तुमचं दूध यंत्रात घालून बघतात हो!" बाई फुलून गेली. आणि दुसऱ्याच दिवशी रेघेवर टेकडी!

मॅडमनी पट्टी बदलली. टेकडी. यंत्र पुसलं. टेकडी. "म्हशीला इंजेक्शन दिलंय आणि बाई बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. मेसचे रमाकांतभाऊ दारातच उभे होते. "मग उद्यापासून तिचं दूध बंद," म्हणाले आणि गेटावर जाऊन तिला सांगूनही आले.

केसरबाई तडक वर आली. कॅन हातात, फडकं खांद्यावर. चपला मात्र देवळाबाहेर काढाव्यात तशा दाराबाहेर काढल्या.

"कोण म्हणतं माझ्या कावेरीले सुई टोचली?"

"बाई, मी नाही, यंत्र म्हणतंय," मॅडम म्हणाल्या.

"मग यंत्राले म्हणा, माझ्या डोळ्यात पाहून बोल! हे आत्ताच काढलेलं दूध. तुमच्यासमोर गाळते, पाहा."

रमाकांतभाऊ हाताची घडी घालून उभे. मी मनात देवीला म्हणत होते, आई, आज हिची लाज राख. केसरबाईने काचेच्या भांड्यावर फडकं पसरलं. पदराची गाठ सोडून तुळशीची मूठभर पानं काढली, चुरली, फडक्यात ठेवली, यंत्राला हात जोडले आणि कॅन तिरका केला.

"थांबा!" मॅडम किंचाळल्या. "हे काय?"

"तुळस."

"ती कशाला?"

"अहो, एवढं मोठं यंत्र! त्याले बिनतुळशीचा नैवेद्य दाखवायचा का?"

"मेसच्या दुधातही घालता?"

"मेसमध्ये कोणता देव आहे? तिथं तर रमाकांतभाऊ राहतात!"

मला हसू आवरेना, मी बेसिनचा नळ सोडून तोंडच धुवायला लागले. मॅडमनी कॅनमधलंच, न गाळलेलं दूध पट्टीवर टाकलं. सपाट! मग तुळशीवरून गाळून घेतलं, ते टाकलं. टेकडी! मॅडम स्टुलावर मटकन बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटल्या. "तुळशीतल्या वासाच्या द्रव्यालाही माझी पट्टी औषध समजते! केसरबाई, माझी पट्टी नापास, तुमची म्हैस पास!"

"होणारच. अभ्यासू आहे ती," केसरबाई म्हणाली आणि रमाकांतभाऊंकडे वळली. "काय भाऊ, उद्या दूध घालू का कावेरीलेच पाजू?"

भाऊ ओशाळले. "घाला, रोजच्यासारखंच घाला. पण बाई, कधी आमच्याही दुधात एखादं पान पडू द्या की."

केसरबाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पाहू. आधी उसळ नीट शिजवा."