गुरुजींची उलटी शाळा

शाळा सुटली की गायकवाड गुरुजी एखाद्या पोरीला नाहीतर पोराला आपल्या खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः खाली बस्करावर मांडी घालायचे. पन्नाशीला टेकलेला माणूस, धुवट धोतर, डोक्याला टोपी, आणि पुढे खुर्चीवर पाय लोंबकळत बसलेलं दहा वर्षांचं पोर. "चल गं मास्तरीण, आज काय शिकलीस ते शिकव मला. मला कायबी येत नाय असं समज." पोरगी आधी लाजायची, मग हळूहळू बोलायला लागायची, आणि गुरुजी मांडीवरच्या वहीत काहीतरी उतरवून घ्यायचे.

त्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात मी हे पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. साल पासष्ट-सहासष्ट असेल. कळंबच्या पुढचं गाव, दोन शिक्षकांची शाळा. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे, मध्ये कारवीच्या कुडाची भिंत. मी नेरळची, ट्रेनिंग नुकतंच झालेलं, नोकरी अजून कच्ची. वर्षअखेरच्या तपासणीत साहेबांचा शेरा बरा पडला तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी म्हणजे लग्न. स्थळ ठरल्यातच जमा होतं आणि त्यांना नोकरीवाली सून नको होती. तेव्हा ताकसुद्धा फुंकून प्यायचं असं ठरवूनच मी त्या गावात पाऊल ठेवलं होतं.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. गुरुजी बौद्ध होते. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती, पण आमच्या घरी अजून त्या लोकांना धर्मांतराआधीच्याच नावाने ओळखायचे. "जपून राहा गं, ही माणसं वरपर्यंत पोचलेली असतात," असं माझ्या मावशीने निघताना बजावलं होतं. वर म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. मी मात्र ते वाक्य गाठीला बांधून आले होते.

तसा माणूस गोड होता. सकाळी माझ्याआधी येऊन दोन्ही वर्गांचे फळे पुसून ठेवायचा. मी मनात म्हणायची, एवढा चांगुलपणा कशासाठी?

एकदा चौथीची मंजुळा खुर्चीवर बसून त्यांना क्षेत्रफळ शिकवत होती. पुस्तकात फरशा बसवलेल्या खोलीचं चित्र होतं. त्या पोरीने जन्मात फरशी पाहिली नव्हती. ती अडली, बोटं मोडत बसली आणि एकदम म्हणाली, "गुरुजी, घेर म्हंजे खळ्याला कुंपन घालाय काट्या किती लागतील त्ये. आन् क्षेत्रफळ म्हंजे त्येच खळं सारवाय शेण किती लागंल त्ये."

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "आगं, आठ दिस मी फरशा फरशा करत बोंबलतोय! तू आधी का नाय बोललीस?" मग वहीत लिहिता लिहिता मला म्हणाले, "बाई, पोर अडलं का मास्तर कुठंतरी चुकल्याला असतो. आपण पोरांच्या वह्या तपासतो. आपली वही कोन तपासणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी चौथी अंगणात नेली आणि शेणाच्या पाट्या मोजत क्षेत्रफळ शिकवलं. मला ते आवडलं, पण बोलले नाही. साहेबांच्या कानावर जावं म्हणून चाललेला हा देखावा असणार, असा मी निष्कर्ष काढला.

दिवाळीनंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे त्यांनी माझ्या दुसरीतल्या पोरांना खुर्चीवर बसवायला सुरुवात केली. माझी पोरं! मी दाराआडून ऐकलं. "बाईंनी आज काय शिकवलं रं? कसं शिकवलं? बाई तेव्हा कुठं उभ्या होत्या?" आणि लगेच वही. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मी पहिलीला कविता शिकवताना हातवारे करायची, आवाज बदलायची, चिमणी आली की चिमणी व्हायची. एका दुपारी कुडापलीकडून माझाच सूर ऐकू आला. फटीतून पाहते तर गुरुजी धोतर सावरत चिमणीसारखे उड्या मारताहेत आणि तिसरी-चौथी पोट धरून हसतेय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी नक्कल, तीही पोरांसमोर! आणि वही कुणासाठी, ते तर आता उघडच होतं.

मी त्यांना विचारायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण संशयी माणूस विचारत नाही, तो पुरावे गोळा करतो. मी अर्ज लिहिला: गायकवाड गुरुजी माझ्या वर्गातील मुलांना शाळा सुटल्यावर अडवून माझी चौकशी करतात, त्याची गुप्त नोंद ठेवतात आणि वर्गात माझी टवाळी करतात. तपासणीच्या दिवशी तो साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी तो आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. तीत राग होता आणि त्याहून जास्त आश्चर्य होतं.

"मुलांना विचारता हे खरं?"

"खरं हाय, साहेब."

"नोंद ठेवता?"

"ठेवतो."

"वही दाखवा. बाईंच्या शिकवण्याबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचंय."

गुरुजींच्या खांद्याला पिशवी होती आणि तिच्यातून वहीचा कोपरा बाहेर आलेला मला स्पष्ट दिसत होता. "वही घरी ऱ्हायली, साहेब," ते म्हणाले.

खोटं बोलले. मला आनंद झाला, हेही सांगून टाकते. पकडला गेला, म्हटलं. साहेबांनाही तसंच वाटलं. माझ्या नावापुढे 'समाधानकारक' असा शेरा पडला आणि महिन्याभरात गुरुजींची बदली झाली, तिकडे खालापूरच्या डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत. एसटीतून उतरून पुढे दीड तास चढ.

जायच्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. फळे पुसले, किल्ल्या ठेवल्या आणि त्यांवर ती वही ठेवून निघून गेले.

वही उघडली तेव्हाही मी माझ्याविरुद्धचा मजकूरच शोधत होते. पण पानांमागून पानं ते स्वतःलाच बोल लावत होते. 'भागाकार घाईने शिकवला, पोरं नुसती मान हलवत होती.' 'रागाने बोललो, कोंडीबाचं तोंड दिवसभर बंद.' मग माझं नाव आलं. 'बाई कविता करून दाखवतात. पोरं घरी जातानाही म्हणतात. आपल्याला जमेल काय? लाज वाटते, पण करून बघणे.' त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची तारीख आणि 'केलं. पोरं हसली. पण पाठ झाली.'

आणि त्याच्या पुढचं पान. 'बाई उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहतात, दाराकडे पाठ होते. डोंगरवाडीची पाच पोरं लांबून येतात, उशीर होतो, म्हणून दाराशी बसतात. ती बाईंना दिसत नाहीत. पोरांना विचारलं. दिवाळीपासून त्यांना एकही प्रश्न नाही. एकालाही वाचता येत नाही. बाईंना कसं सांगावं? नवीन आहेत, मनाला लावून घेतील.' खाली बारीक अक्षरात होतं, 'मीही पहिली बारा वर्षं असाच उभा होतो.'

हे पान साहेबांनी वाचलं असतं तर मी त्याच आठवड्यात घरी गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दाराशी पाच चेहरे होते. त्यातल्या बुधी नावाच्या पोरीकडे बघून मी म्हटलं, "तू सांग गं." तर ती मागे वळून बघायला लागली, बाई कुणाशी बोलतायत म्हणून. मागे नुसतं दार होतं. मला खूप रडू आलं आणि पोरांसमोर रडता येईना.

गुरुजींना भेटायला मात्र मला सहा वर्षं लागली. लाज, दुसरं काय. खोपोलीहून एसटीने गेले, तो चढ चढले. गवता-पाल्याच्या झापाची शाळा, बाहेर पाण्याचा माठ, आणि गुरुजी तसेच खाली बस्करावर बसलेले. त्यांनी मला ओळखलं. पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. मी पायाशी वाकले तर पाय मागे घेतले.

"मला माफ करा, गुरुजी."

"मला तुमचा लय राग आला व्हता, बाई," ते म्हणाले. "अजून हाय. म्हाताऱ्या आईला सोडून सा वर्षं हितं काडली मी. ती गेली तवा मी हितंच व्हतो."

मी खालीच बघत विचारलं, "मग त्या दिवशी वही का नाही दाखवलीत? दाखवली असती तर मी गेले असते, तुम्ही राहिला असता."

"तुमाला काडलं असतं तर त्या जागंवर वरीस-दोन वरीस कोन आलं नसतं. आदी तसंच झालं व्हतं. आन् तुमी शिकवायला चांगल्या व्हता, नुसत्या उभ्या चुकीच्या जागी व्हता." मग माझ्याकडे सरळ बघत ते म्हणाले, "तुमच्यासाटी नाय गप बसलो मी. त्या पोरांसाटी बसलो."

जन्मभर मी माणसांच्या बोलण्यात काळंबेरं शोधत आले. त्या दिवशी शोधलं नाही. चहा घेतला आणि उतार उतरू लागले.