अनसूयाच्या बंद खोलीतला भात

सुहास, कालपासून तुला नऊ वेळा फोन लावला. उचलायचा नसेल तर ठेवतोस कशाला... आता सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे तुझे मित्र तरी तुला सांगतील.

बाकीच्यांना नमस्कार. घोडपदेवला आमच्या मजल्यावर शेवटची खोली अनसूयाची. दिवाळीनंतर ती गेली. मूलबाळ नाही, म्हणून खोली आणि चावी तिच्या भाच्याकडे, म्हणजे या सुहासकडे. तो वडाळ्याला राहतो.

कुलूप लागून महिना झाला आणि दिवेलागणीला त्या खोलीतून भाताचा वास यायला लागला. ताजा, वाफाळलेला आंबेमोहर... अनसूया रोज त्याच वेळेला भात टाकायची. दाराला कान लावला तर आत कोणीतरी हलक्या पायाने चालतंय.

बायका संध्याकाळी पोरांना आत घ्यायला लागल्या. शेजारची नलू म्हणाली, "आजी, तुमचं तिचं बोलणं नव्हतं ना शेवटी? तुम्हीच वाडी ठेवा." वाडी म्हणजे गेलेल्या माणसासाठी पानावर काढून ठेवलेलं जेवण. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी तिच्या दाराबाहेर ठेवली, लपवून काय करू... भात, वरण, एक केळं.

सकाळी केळं गायब, भात तसाच. दुसऱ्या दिवशी पण तेच. मी म्हटलं, "अगो, जन्मात केळ्याला शिवली नाही ती. कफ होतो म्हणायची." तर नलू म्हणते, "मेल्यावर आवडी बदलतात." बरं बाई. मग रोज एकेका घरातून केळं जायला लागलं.

परवा रविवारी आम्हीच बोलावलं म्हणून सुहास अंधार पडल्यावर आला. त्या दिवशीचं केळं तोवर उचललेलं होतं. त्याने माळ्यावरच्या, गॅलरीकडे उघडणाऱ्या झडपेला आतून फळी ठोकली, दाराला लिंबू-मिरची बांधली, कुलूप लावलं आणि चहा न घेता पळाला. माळ्यावर अनसूयाची गाठोडी आहेत, त्यांच्यात काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

काल खोलीतून वास आला नाही. आवाज आला... तान्ह्या मुलासारखा, बारीक. नलूने देवापाशी समई लावली आणि दार ओढून घेतलं. दिवेलागणीला मी एकटीच त्या टोकाला गेले. गुडघ्यांमुळे हळू गेले, असं समजा.

कठड्यावर कोणीतरी बसलं होतं. काळं तोंड, लांब शेपूट, डोळे माझ्यावर. भाताचा वास तिथून येत होता. पळालं नाही ते. माझ्याकडे बघायचं, मग त्या बंद झडपेकडे... आतून आवाज आला की त्याच्या अंगावरचे केस उभे राहायचे. माझ्याही.

उदमांजर. गावी आमच्या माडावर असायचं, त्याच्या अंगाला हाच वास. पन्नास वर्षं मुंबईत काढली आणि माझं नाक सगळं विसरून बसलं.

माळ्यावर व्यालीय ती. आम्ही मजल्याने केळी घालून तिचं बाळंतपण केलं आणि मग पिल्लांवर दार लावलं. पहिली वाडी माझी, म्हणून हे मला लिहायला लागतंय.

प्राणी सोडवणारे लोक आज येऊन गेले. मालकाने हो म्हटल्याशिवाय कुलूप तोडणार नाही म्हणाले. ती अजून कठड्यावर आहे. उजेड झाला तरी हलली नाही.

अनसूयाशी मी चार वर्षं बोलले नाही, पाण्याच्या पिंपावरून. पण तिच्या खोलीतून कोणी उपाशी गेलं नाही, हे भांडण असलं तरी मी म्हणेन.

सकाळपासून आतला आवाज बारीक होत चाललाय. सुहास, चावी घेऊन ये. येणं जमत नसेल तर 'तोडा' एवढंच लिही. उत्तर तूच द्यायचं... बाकीच्यांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकू नयेत.