टोपलीवरचं फडकं

त्या साइटवर माझं प्रोफाइल पंचावन्न टक्के पूर्ण होतं आणि काही केल्या पुढे सरकत नव्हतं. कुडाळच्या एसटी स्टँडसमोरचा सायबर कॅफे, प्लायवूडच्या खोक्यात एक डुगडुगणारी खुर्ची, शेजारच्या खोक्यात कुणीतरी चॅटिंग करत एकटाच खिदळतोय, आणि माझ्यासमोर पडद्यावर ती निळी पट्टी, अर्ध्यावर अडलेली. तिच्याखाली सूचना होती की स्वतःबद्दल थोडक्यात लिहा.

काय लिहू? नोकरी गेली, एवढंच खरं होतं आणि तेवढंच लिहायचं नव्हतं.

पुण्याच्या एका कंपनीत मी चार वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका हुडकायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. काम मला आवडायचं, कारण चुका काढणं माझ्या स्वभावातच आहे. मग मंदी आली. दोन हजार आठच्या दिवाळीआधी एका दुपारी आम्हाला काही जणांना एका खोलीत बोलावलं, पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत आमची ओळखपत्रं काढून घेतली.

मी घरी मालवणला आले ती एक थाप घेऊनच. म्हटलं, कंपनीने कुडाळात बसून काम करायला सांगितलंय.

"बरी आसा गो तुजी कंपनी," आई म्हणाली. आई मालवणच्या बाजारात मासे विकते. बाबांनी विडी पेटवली. ते छोटी होडी घेऊन जाळं टाकायला जातात आणि बोलायची वेळ आली की विडी पेटवतात.

मालवणातही दोन सायबर कॅफे होते, पण दोन्हीकडे माझ्या शाळेतली मुलं बसायची. म्हणून रोज सकाळची एसटी पकडून तासभर धक्के खात कुडाळ गाठायचं, संध्याकाळी परत. दिवसभर ती पट्टी पुढे ढकलायची. एका जागी बसवत नव्हतं. दहा मिनिटं लिहायचं, उठायचं, स्टँडवर चकरा मारायच्या, चहा प्यायचा, परत येऊन लिहिलेलं खोडायचं. माझ्याबरोबरच नोकरी गेलेली एक मैत्रीण ईमेलवर सल्ले पाठवायची. तिने माझं पहिलं प्रोफाइल वाचलं आणि लिहिलं, "हे प्रोफाइल आहे की पोलिसांना दिलेला जबाब?"

मी लिहिलं होतं की काही वर्षं तपासणीचं थोडंफार काम केलं आहे.

दोष माझ्या एकटीचा नव्हता. आमच्या वाडीत होडी किनाऱ्याला लागली की काय मिळालं ते कुणी सांगत नाही. वाडीतले एक काका रोज माडाखाली उभे राहून विचारायचे, "काय रे, गावला काय?" आणि बाबा न थांबता म्हणायचे, "खंय काय! चार बांगडे." टोपलीवर ओलं फडकं असायचं. खाली चार बांगडे असोत की टोपली काठोकाठ भरलेली असो, उत्तर तेच आणि फडकंही तेच. सांगितलं की दृष्ट लागते. पुण्याला नोकरी लागली तेव्हा माझंही तेच झालं. काकांनी माझी चौकशी केली, चेडू खंय आसा? बाबा म्हणाले, "आसा खंयतरी पुण्याक. करता कायतरी." मला इतका राग आला होता! दोन रात्री जागून केलेल्या तयारीचं, तीन मुलाखतींचं ते 'कायतरी'.

आता तेच मी स्वतःबद्दल लिहिलं होतं. मग मी इरेला पेटले. मैत्रिणीने पाठवलेले दणदणीत इंग्रजी शब्द एकामागून एक चिकटवले. पुढाकार घेणारी, ध्येयाने भारलेली, दबावाखाली फुलणारी. दबावाखाली मी कधी फुलले होते, देव जाणे. फोटो काढायला स्टुडिओत गेले, तर फोटोग्राफरने गळ्याखाली हात ठेवायला सांगितला, लग्नाच्या फोटोत ठेवतात तसा. तो फोटो मी लावला, काढला, परत लावला. जुन्या साहेबांना शिफारस मागितली. त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि पट्टी नव्वदवर गेली.

एक मात्र मैत्रिणीने ठासून सांगितलं होतं. "नोकरी गेली असं कुठेही दिसू देऊ नकोस. जुनी कंपनी 'सध्या कार्यरत' म्हणूनच ठेव. रिकाम्या माणसाला कुणी विचारत नाही." हे मला लगेच पटलं. झाकणं मला शिकवावं लागत नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. प्रोफाइल पाहिलं, काम आवडलं, आमच्याकडे अगदी असंच माणूस हवंय. माझे कान तापले. मी खोक्यातून बाहेर आले आणि स्टँडच्या भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी विचारलं, "रुजू कधी होऊ शकाल?"

मी म्हणाले, "मला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल."

कुणाला देणार होते नोटीस? कुडाळच्या सायबर कॅफेवाल्याला? पण तोंडातून तेच निघालं, अगदी सहज.

"अरेरे," त्या म्हणाल्या, "आम्हाला सोमवारपासून बसेल असंच कुणीतरी हवं होतं. बघू मग पुढे कधी." फोन बंद.

परत फोन लावून खरं सांगायला हवं होतं. मी दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन पर्समध्ये टाकला. दुपारच्या एसटीत बसले ती दात-ओठ खातच. मैत्रिणीवर राग, त्या बाईंवर राग, ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्यात गाडी घालतोय म्हणून त्याच्यावर राग.

घरी आले तर बाबा घरापुढच्या खळ्यात जाळं शिवत बसलेले. पडवीत त्यांची टोपली होती, फडक्याने झाकलेली. एरवी मी सकाळीच जायची आणि संध्याकाळी यायची, त्यामुळे या वेळेला ती मी कधी पाहिली नव्हती. निदान एखादा मासा तळून खावा, म्हणून फडकं उचललं.

आत पाण्याची बाटली, सुरी आणि ओल्या दोराचं वेटोळं.

आई बाजारातून येऊन हातपाय धूत होती. "ठेव तां," ती म्हणाली.

"मासे खंय आसत?"

आईने बाबांकडे पाहिलं, मग मला सांगून टाकलं. "म्हयनो झालो. होडी जाता आणि येता. काय गावणा नाय."

"मगे तू बाजारात काय विकतंस?"

"लिलावात घेतंय. मोठ्या बोटींचा."

रोज संध्याकाळी मी ज्या आमटीचे भुरके मारत होते, ती त्या मोठ्या बोटींच्या माशांची होती. माझ्यापासूनही लपवलं, माझ्यापासून? असा संताप आला की मी फडकं जमिनीवर आपटलं. बाबा सुई न थांबवता म्हणाले, "तुका कित्या सांगूचा? उगाच तुज्या जीवाक घोर."

तिथे मला रडू फुटलं. "बाबा, माजी नोकरी गेली. दिवाळीच्या आदी."

सुई थांबली. "मगे कुडाळाक जावन काय करतंस?"

"माका नोकरी आसा म्हणान लिवतंय."

मग सगळंच सांगितलं. पट्टी, फोटो, सकाळचा फोन, दोन महिन्यांची नोटीस. बाबांनी विडी काढली, पण पेटवली नाही.

"म्हणजे तेंका रिकामा माणूस होया होता."

"व्हय."

"आणि तू झाकून ठेवलंस."

"व्हय."

 बाबा उठले, फडकं उचललं, विहिरीवर नेऊन धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीची एसटी चुकवली आणि किनाऱ्यावर गेले. होडी लागली. बाबा टोपली डोक्यावर न घेता कमरेवर धरून वाळूतून वर येत होते, उघडी. आत दोन बांगडे आणि एक खेकडा, तोही जिवंत. काका माडाखाली होतेच.

"काय रे, गावला..." म्हणता म्हणता त्यांची नजर टोपलीत गेली. किनाऱ्यावर असं कुणी दाखवत नाही. त्यांना कुठे बघावं कळेना, म्हणून माझ्याकडे बघून म्हणाले, "आज चेडवाक कामाक जावचा नाय?"

मी घाबरले. आता 'करता कायतरी' येणार, असं वाटलं.

"नोकरी गेली तेची," बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने की जाळं ओढणाऱ्या दोघातिघांनी माना वळवल्या. "दुसरी बघता. हुशार आसा."

ते 'हुशार आसा' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

नऊची एसटी पकडली. कुडाळला जाऊन 'सध्या कार्यरत' खोडायचं होतं, पण तिथे पोचेपर्यंत धीर निघेना. वाटेत चौके गावाच्या आसपास मोबाईलला रेंज आली आणि मी त्या बाईंना फोन लावला. रेंज धड नव्हती, म्हणून ओरडावं लागलं. गाडीत निम्मी माणसं ओळखीची, कंडक्टर तर आमच्याच वाडीतला.

"मॅडम, मी सोमवारी येऊ शकते!"

"पण तुमची दोन महिन्यांची नोटीस?"

"नोटीस नाही, मॅडम. मला नोकरीच नाही! दिवाळीपासून!"

पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. कंडक्टरचा हात तिकिटाच्या पेटीवर थांबला.

"मग कालच का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

मी खिडकीचा गज घट्ट धरला. "आमच्याकडे सांगत नाहीत, मॅडम," मी ओरडले. "पण आता सांगतेय."